म्हशीच्या गावात शेंगदाण्याचं दही

कोल्हापुरात राहून दूध सोडणं म्हणजे पंढरपुरात राहून एकादशी मोडण्यासारखं आहे. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धार काढून देतात आणि माणसं फेसाळ पेला उभ्या उभ्या रिकामा करतात. मीही तीस वर्षं त्या कट्ट्यावरचाच. २०२१ साली मामाच्या गोठ्यात दाव्याला बांधलेलं एक रेडकू बघितलं आणि तेव्हापासून दूध, दही, तूप सगळं बंद झालं. ती गोष्ट पुन्हा कधीतरी सांगेन. आज पोटाचं बघू.

माझा धंदा छपाईचा. उद्यमनगरात छोटा ऑफसेट प्रेस आहे. मसाल्याची पाकिटं, लोणच्याच्या बाटल्या, अगरबत्तीचे पुडे यांची लेबलं छापतो. त्यामुळे बारीक अक्षर वाचायची खोड जडलेली. खिशात कायम लूप असतो, म्हणजे आमचं डोळ्याला लावून ठिपके तपासायचं भिंग. दुकानात वस्तू हातात घेतली की पुढचं चित्र नंतर, आधी मागचा मजकूर. आमची मंडळी म्हणतात, "लग्नाआधी माझीही पाठ वाचून बघितली असतीत तुम्ही."

गेल्या जूनमध्ये अक्कलदाढ काढली. पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं आणि पोटाची पार वाट लागली. डॉक्टर म्हणाले, "दहीभात खा, ताक प्या, चार दिवसांत बरं वाटेल."

"डॉक्टर, दही बंद आहे."

"मग दूध घ्या."

"तेही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोल्हापूरचेच ना?"

तिथून पुढे आठ-नऊ महिने मी दुधाशिवाय पोटात चांगले जिवाणू कसे जातील याच्या मागे लागलो. काही विकत आणलं, काही घरी केलं, काही गटारात ओतलं. त्या सगळ्याचा हा हिशेब. पैसे माझे गेलेत, कुणी काही फुकट दिलेलं नाही. ज्यांच्या वस्तूंना नावं ठेवलीत त्यांची नावं मात्र मुद्दाम घेतलेली नाहीत.

सुरुवात औषधाच्या दुकानातून झाली. प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत चांगल्या जिवाणूंच्या, कॅप्सूल मागितल्या. दहा कॅप्सूलची पट्टी, दोनशेच्या आसपास किंमत. तिथेच लूप लावला. कॅप्सूलचं वरचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्यापासून काढलेलं. आत भरणीला लॅक्टोज, म्हणजे परत दूधच. खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघायची आपल्याला सवय असते, पण औषधाच्या पट्टीवर तो सापडेलच असं नाही. बरं, हिरवा ठिपका असला तरी त्याचा अर्थ एवढाच की मांस, मासा, अंडं नाही. दूध आणि मध त्या ठिपक्यात बसतात. वीगन, म्हणजे दूध-मधासकट जनावराचं काहीच नसलेल्या, वस्तूंसाठी वेगळं चिन्ह आहे, इंग्रजी व्ही आणि त्याला फुटलेलं पान. त्याचे नियम २०२२ साली आले. पण ते चिन्ह अजून फार कमी पाकिटांवर दिसतं.

दुकानदार समजूतदार होता. म्हणाला, "काका, कॅप्सूल उघडून आतली पावडर तेवढी घ्या की." मी म्हटलं, आतच दूध आहे रे बाबा. मग त्यानं आतून प्लास्टिकच्या छोट्या कुप्या आणल्या, पाच मिलीच्या. त्यात बॅसिलस क्लॉसी नावाच्या जिवाणूचे बीजाणू पाण्यात सोडलेले असतात. एका कुपीत दोन बिलियन. आपल्या भाषेत दोनशे कोटी. चव पाण्याचीच, वास नाही, फ्रीज लागत नाही. बीजाणू म्हणजे जिवाणूनं अंगावर जाड घोंगडी ओढून झोपून राहणं. त्यामुळे उन्हात, प्रवासात आणि पोटातल्या आम्लात ते टिकतात. मी पाच दिवस घेतल्या आणि आठवड्यात पोट थाऱ्यावर आलं. कुप्यांमुळे आलं की आपोआप आलं, हे मी शपथेवर सांगणार नाही. आजारापुरतं हे चांगलं आहे, पण दहीभाताची जागा कुपी कशी घेणार? जेवणात ओतून खायची वस्तू नव्हे ती.

याच घराण्यातला दुसरा बीजाणूवाला म्हणजे बॅसिलस कोॲग्युलन्स. आपल्याकडच्या पट्ट्यांवर तो अजूनही 'लॅक्टोबॅसिलस स्पोरोजीन्स' या जुन्या नावानं सापडतो. नाव वाचून दह्यातला वाटतो, पण लॅक्टोबॅसिलस बीजाणू करत नाहीत, म्हणजे ते नावच चुकीचं. आणि 'लॅक्टो' वाचून दूध असेल असं धरू नका. हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात, पण त्यांना जगायला दूधच लागतं असं नाही. ते कोबीच्या पानावरही राहतात. खरी भानगड असते ती त्यांना वाढवायला आणि वाळवायला काय वापरलंय याची, आणि ते सगळ्यात खाली, चार पॉइंटात छापलेलं असतं. चार पॉइंट म्हणजे मुंगीनं लिहिल्यासारखं. मी स्वतः गिऱ्हाइकाला चार पॉइंट छापू देत नाही, शाई भरली की सगळं काळं होतं.

जाता जाता, जपानी आंबूस पेयाची ती छोटी बाटली अनेकांना सुचते. मिनोरू शिरोटा यांनी १९३० साली तो जिवाणू वेगळा काढला आणि १९३५ साली बाटली बाजारात आली. इतिहास भारी आहे, पण आत दुधाची भुकटी असते. आपल्या कामाची नाही.

ऑगस्टमध्ये विकतचं दही मागवलं. 'दही' म्हणायचं नाही बरं का. वनस्पतीपासून केलेल्या वस्तूवर दूध, दही, पनीर हे शब्द छापता येत नाहीत, अन्नसुरक्षावाल्यांचा नियम आहे. नारळाचं दूध, पीनट बटर असल्या रूढ नावांना सूट आहे. त्यामुळे डब्यावर काहीतरी गोल गोल इंग्रजी लिहिलेलं असतं आणि शेजारी बदामाचं चित्र. डबा चारशे ग्रॅमचा, मला कुरिअरसकट तीनशेच्या वर पडला. थंडी टिकवायला जेलची पिशवी घालतात. मुंबईकडून निघालेलं पार्सल बुधवारऐवजी शनिवारी आलं. जेल पाणी झालेलं, थर्माकोल घामेजलेला आणि डब्याचं झाकण फुगून पुरीसारखं टम्म. उघडलं तर दारूच्या गुत्त्यासारखा भपका. यीस्टनं आत पार्टी केली होती. कंपनीला फोटो पाठवला. "आमच्याकडून निघताना माल चांगला होता," असं उत्तर आलं. ते खरंही असेल. पण मी निघताना खात नाही, पोचल्यावर खातो.

पैसे परत मिळाले नाहीत. तरी डिसेंबरात दुसऱ्या एका कंपनीचं मागवलं, थंडी बघून. ते दोन दिवसांत गार आलं. चवीला साखर न घातलेल्या श्रीखंडाच्या जवळपास, घट्ट, गुळगुळीत, आंबटपणा बेताचा. घटक वाचले: बदाम, नारळ, स्टार्च, पेक्टिन, मीठ आणि 'लाइव्ह कल्चर'. घट्टपणा स्टार्चचा आहे, जिवाणूंचा थोडाच. आता हे कल्चर खरंच जिवंत आहे का, ते कसं बघायचं? आपल्या आयांनी जे केलं तेच. त्यातला एक चमचा कोमट शेंगदाण्याच्या दुधात विरजला. सकाळी लागलं होतं. म्हणजे निदान काहीतरी जिवंत होतं. मी त्याला पाचात साडेतीन देईन. चव चार, किंमत दोन. पाहुणे आले तर मागवावं, रोज खाणाऱ्याचं दिवाळं निघेल.

ऑक्टोबरात पोरीकडे पुण्याला गेलो होतो. तिनं बाणेरला एका कॅफेत कोंबुचा पाजला. साखरेचा चहा, त्यात यीस्ट आणि ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगर करणारे, जिवाणू यांची मिळून झालेली साय सोडतात आणि आंबवतात. ती साय बाटलीत बघितली, ओल्या मोज्यासारखी दिसते. पेय मात्र झकास. आल्याचा सोडा आणि सफरचंदाचं व्हिनेगर यांच्या मधलं काहीतरी, नाकात झिणझिण्या. बाटली दीडशे रुपयांना. पण दह्यातले लॅक्टिकवाले यात असतीलच असं नाही, इथे राज्य यीस्टचं आणि व्हिनेगरवाल्यांचं. आंबताना नखभर अल्कोहोलही तयार होतं. आणि जी बाटली फ्रीजबाहेर सहा-सहा महिने फळीवर टिकते तिला बहुधा गरम करून शांत केलेलं असतं. मजेला ठीक आहे, दीडशे रुपयांत चैन झाली असं समजावं.

तिथेच पोरीनं मला दोन अभ्यास वाचायला दिले. (ती संगणकवाली, पण बापाच्या पोटात तिला भारी रस.) पहिल्यानं माझा उत्साह वाढला. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी ३६ निरोगी माणसांवर केलेला, २०२१ साली छापून आलेला. काहींना दहा आठवडे आंबवलेलं अन्न जास्त दिलं, काहींना तंतुमय पदार्थ जास्त दिले. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटातल्या जिवाणूंची विविधता वाढली. त्यात दही आणि केफिर (दुधाचं आंबवलेलं पेय) होतं, तसंच किमची (कोरियन आंबवलेला कोबी) आणि भाज्यांचं आंबवलेलं पाणीही होतं. दुसऱ्यानं हवाच काढली. इस्राएलच्या वाइझमन संस्थेचा, २०१८ सालचा. अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक गोळ्या घेतलेल्यांच्या पोटातले मूळचे जिवाणू परत यायला उलट जास्त वेळ लागला. म्हणजे नवे भाडेकरू आले आणि जुन्यांना दार उघडेना. मी पोरीला म्हटलं, "मग मी जूनपासून कशाला धडपडतोय?" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गोळ्यांच्या नादी लागू नका, जेवणात आणा." तिचं ऐकायचं ठरवलं, कारण गोळ्या महागही पडत होत्या.

आता घरच्या वस्तूंकडे येतो. या लेखातला माझा जीव इथे आहे.

सप्टेंबरात, पावसाची झड लागलेली असताना, शेंगदाण्याचं दही पहिल्यांदा लावलं. दीडशे ग्रॅम शेंगदाणे रात्री भिजवले. सकाळी दोन्ही हातांनी चोळून साली काढल्या. हे काम टाळू नका, साली राहिल्या की दही मळकट आणि तुरट होतं. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशीचे सगळे बाजूला काढा. बुरशीच्या दाण्यात विषारी द्रव्य असतं आणि ते उकळून जात नाही. मग मिक्सरला थोडं थोडं पाणी घालत वाटायचं, एकूण पाणी पाऊण लिटर, आणि मलमलीच्या फडक्यातून पिळायचं. चोथा भाजीत जातो. दूध मंद गॅसवर उकळायचं आणि उलथनं सोडायचं नाही. हे म्हशीच्या दुधापेक्षा लबाड आहे. तळाला चिकटतं आणि वरून फेस काढून एका क्षणात गॅसवर.

विरजण कुठून आणायचं? गायीम्हशीचं दही चमचाभर घातलं की झालं, असं मंडळींचं म्हणणं. चमचाभरानं काय बिघडतं, असंही. वीगन लोकांत यावर फार वाद आहेत, मी त्यात पडत नाही, पण मला ते नको होतं. उपाय निघाला हिरव्या मिरचीच्या देठांचा. देठांवर लॅक्टिकवाले जिवाणू मुळातच बसलेले असतात. दहा-बारा मिरच्यांची देठं, टोपीसकट, धुऊन कोमट दुधात सोडली. कोमट म्हणजे करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता येईल इतपत. मी घाईत पाचपर्यंतच मोजलं होतं.

त्यामुळे पहिला प्रयोग फसला. दूध जास्त गरम राहिलं, देठं उकडून निघाली, दुसऱ्या दिवशी दूध तसंच. मी म्हटलं, अजून एक दिवस ठेवू. तिसऱ्या दिवशी वर दोन गुलाबी ठिपके. गुलाबी, काळं, केसाळ काहीही दिसलं की वरचं खरवडून खालचं खायचं नाही, अख्खं भांडं ओतायचं. मंडळी दारात उभं राहून बघत होत्या. "दीडशे ग्रॅम शेंगदाण्याची चटणी झाली असती," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी करंगळी दहापर्यंत टिकली. भांडं तांदळाच्या डब्यात शेजारून कापड गुंडाळून ठेवलं, पावसाळी गारव्यात पंधरा तास लागले. वर पाणी सुटलेलं, खाली मऊ, जरा दाणेदार दही. हे पहिलं दही चवीला विचित्र असतं, मिरचीचा हिरवट वास येतो. ते खायचं नाही, त्यातलं दोन चमचे पुढच्या दुधाला विरजण म्हणून घालायचं. तिसऱ्या पिढीपासून खरं दही मिळालं, पांढरं, स्वच्छ आंबट.

चव? खोटं बोलणार नाही. म्हशीच्या दह्याच्या कवडीची सर नाही. शेंगदाण्याचा कच्चा वास शेवटी जिभेवर राहतो. नुसतं वाटीत घेऊन खाल तर निराश व्हाल. पण काकडीची कोशिंबीर करा, वरून हिंग-जिरं-कढीलिंबाची फोडणी द्या, मग शेंगदाणा घरचाच वाटतो. कोशिंबिरीत आपण कूट घालतोच की! मठ्ठा उत्तम होतो. कढी होते, पण उकळली की जिवाणू गेले, ती फक्त चवीसाठी. फोडणीही जरा निवल्यावर घालावी. खर्च म्हणाल तर शेंगदाणे किलोला एकशे साठ धरले तर चोवीस रुपयांत अर्धा किलोच्या वर दही. विकतच्याशी तुलनाच नको. पाचात साडेचार. अर्धा गुण साली काढण्याच्या कंटाळ्याचा कापला.

मध्ये एकदा विरजणाची तयार पावडरही मागवली, छोटी पुडी, वीगन म्हणूनच विकतात. सोयाच्या दुधात आठ तासांत सुरीनं कापावं असं दही लागलं. पण पुडीच्या मागे होतं, दुधाचे अंश असू शकतात. ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्यानं हे वाक्य शोधूनच पुडी फाडावी. मला चालली असती, तरी देठांचं घराणं मोडवेना.

थंडीत कांजी केली. उत्तरेकडे काळ्या गाजरांची करतात, होळीच्या सुमारास. इथे मंडईत काळी गाजरं मागितली तर बाई म्हणाली, "सडकी पाहिजेत काय साहेब?" मग लाल गाजरं पाव किलो आणि रंगाला एक बीट. दोन लिटर उकळून गार केलेलं पाणी, चाळीस ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे मोहरीच्या डाळीची पूड, थोडं तिखट. काचेच्या बरणीला फडकं बांधून गच्चीवर उन्हात. रोज लाकडी चमच्यानं हलवायचं. चौथ्या दिवशी वर बारीक बुडबुडे आणि नाकात चढणारा मोहरीचा झणका. रंग असा की आमच्या मॅजेंटा शाईनं लाजावं. कोल्हापूरकराला चव लगेच पटते, तिखट, आंबट, खारट सगळं एकदम. आमचा मशीनमन रोज अर्धा पेला पितो आणि म्हणतो, "मालक, नाद खुळा." गाजराच्या फोडी भाकरीबरोबर खायच्या. मार्चमध्ये हीच दोन दिवसांत होते, तिसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये हलवावी लागते. रक्तदाब असलेल्यांनी मिठाचा विचार करून घोट घ्यावा. पाचात पाच, आणि यावर वाद नको.

कोबीची गंमत प्रेसमध्ये घडली. कोबीला वजनाच्या दोन टक्के मीठ लागतं, किलोला वीस ग्रॅम. मीठ कमी पडलं तर कुजतं, जास्त झालं तर आंबतच नाही. घरच्या काट्यावर माझा विश्वास नाही, म्हणून कोबी घेऊन प्रेसवर गेलो. कागदाचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, मोजायचा काटा आहे, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. मीठ त्यावर मोजलं. कोबी बारीक चिरून मीठ लावून दहा मिनिटं चुरगाळला, तो स्वतःचंच पाणी सोडतो. बरणीत दाबून भरला आणि वर पाण्याची छोटी बाटली ठेवली, वजनाला. कोबी पाण्याखाली राहिला पाहिजे, हवेत डोकावला की बुरशी. आधी ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू कामाला लागतात, गॅस करतात. आम्ल वाढलं की ते मागे हटतात आणि लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमवाले ताबा घेतात. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी मशीनमन धावत आला, "मालक, गॅस लीक झालाय कुठंतरी!" बरणी पेपर कटिंगच्या टेबलाखाली होती. झाकण सैल करायचं मी विसरलो होतो, तिनं स्वतःच करून घेतलं. त्या दिवशी आलेल्या गिऱ्हाइकानं लग्नपत्रिकेचा नमुनासुद्धा न बघता पाय काढला.

दहाव्या दिवशी कोबी खाल्ला. करकरीत, लिंबासारखा आंबट. पिठल्याबरोबर फार जमतो, पण ताटात वेगळा वाढून. गरम पिठल्यात मिसळलात तर एवढे दिवस ज्यांना पाळलं त्यांचीच भाजी.

म्हणूनच इडलीबद्दल बोलतो, कारण मला दहाजणांनी सांगितलं की इडली, डोसा, ढोकळा खा, आंबवलेलंच असतं की. पीठ आंबतं ते जिवाणूंनीच, खरं आहे, आणि पचायला हलकंही होतं. पण वाफेवर पंधरा मिनिटं ठेवल्यावर तुमच्या ताटात येतो तो त्यांचा मृतदेह. आंबिलीचंही तेच. ज्वारीचं किंवा नाचणीचं पीठ रात्रभर आंबवून सकाळी शिजवतात, जिवंतपणा येतो तो वरून घातलेल्या ताकातला. मी आंबील गार करून त्यात शेंगदाण्याचं ताक घालतो. पाण्यात रात्रभर ठेवलेला शिळा भात मात्र परत शिजवत नाहीत, कांदा-मिरचीबरोबर तसाच खातात. ओडिशात त्याला पखाळ म्हणतात. तो चालतो, फक्त भात निवल्या निवल्या पाण्यात घाला, दिवसभर ओट्यावर ठेवून नंतर नको.

एक गोष्ट मी उशिरा शिकलो. मला वाटत होतं, जिवाणूंचं एवढं खातोय म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व आपोआप मिळत असेल. जानेवारीत रक्त तपासलं तर १९०, म्हणजे कमी. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आंबवलेल्या भाज्या, इडली, कांजी यांच्यातून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. दूध सोडलेल्यानं गोळी घ्यायचीच, मी आता घेतो. आणि कुणाची प्रतिकारशक्ती आजारानं किंवा उपचारानं कमी झाली असेल तर त्यानं माझं ऐकून बरण्या लावू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं.

आणखी एक कबुली. 'प्रोबायोटिक' या शब्दाला जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेनं २००१ साली व्याख्या दिली: जिवंत सूक्ष्मजीव, पुरेशा प्रमाणात, आणि घेतल्यानं आरोग्याला फायदा झाला पाहिजे. माझ्या बरणीत कोण राहतं, किती राहतात, मला माहीत नाही. त्या अर्थानं कुपी प्रोबायोटिक आहे आणि माझी कांजी नुसतं जिवंत अन्न. उलट पाकिटावरचा 'पाच बिलियन' हा आकडाही बघून घ्यावा. भरताना पाच बिलियन की मुदत संपेपर्यंत पाच बिलियन? चांगल्या कंपन्या मुदतीपर्यंतचा आकडा छापतात. बाकीच्या काहीच लिहीत नाहीत, आणि तुमच्या गावच्या कुरिअरच्या गोडाऊनमध्ये एप्रिलात त्यातले किती उरले हे कुणी मोजत नाही.

मागच्या महिन्यात एक लोणचंवाला आला, जुनं गिऱ्हाईक. पाच हजार स्टिकर हवे होते, नवीन डिझाइन, पोपटी रंग, मधोमध ठसठशीत 'प्रोबायोटिक लोणचं'. विचारलं, "जिवाणू मोजून घेतलेत काय?" तो म्हणाला, "सगळेच छापतात की, मालक. तुम्ही छापा." मी म्हटलं, आंबवलेलं असेल तर 'नैसर्गिकरीत्या आंबवलेलं' छापतो, ते खरं तरी होईल. त्याला ते लांबलचक वाटलं. शेवटी दुसऱ्या प्रेसवर गेला, काम सोडावं लागलं.

जाताना नमुन्याची बाटली टेबलावर विसरून गेला. झाकण उघडून वास घेतला. व्हिनेगर. तरी चव झकास होती, मशीनमननं आणि मी दोन दिवसांत भाकरीबरोबर संपवली.